सरासरीच्या आतला जिल्हा

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. तोवर वरोऱ्याकडची कापसाची काळी जमीन, बल्लारपूरची कागद गिरणी, वर्धा नदीकाठच्या कोळसा खाणी, नागभीड-ब्रह्मपुरीच्या धानाच्या बांध्या, इंद्रावतीकाठचे भामरागड आणि प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरचे सिरोंचा हे सगळे एकाच जिल्हाधिकारी कार्यालयाखाली होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या वर अंतर. एवढ्या मुलखाचा साक्षरतेचा, विजेचा, दवाखान्यांचा, रस्त्यांचा आकडा मुंबईला एकच जात असे.

विभागणी झालीच नसती तर आज हा आकडा कसा दिसला असता, हे २०११ च्या जनगणनेवरून सहज काढता येते. चंद्रपूरची लोकसंख्या २२,०४,३०७ आणि क्षेत्रफळ ११,४४३ चौरस किलोमीटर. गडचिरोलीची लोकसंख्या १०,७२,९४२ आणि क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. दोन्ही एकत्र धरले तर लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला १२७ येते. प्रत्यक्षात चंद्रपूरची घनता १९३ आहे आणि गडचिरोलीची ७४. बेरीज-भागाकारात काहीही चुकलेले नाही, तरी १२७ हा आकडा या दोहोंपैकी एकाही जिल्ह्याचे वर्णन करत नाही. तो धरून कुणी दवाखाने वाटले, एसटीच्या फेऱ्या ठरवल्या, शाळांचे अंतर आखले, तर एकीकडे गर्दी होईल आणि दुसरीकडे आजाऱ्याला खाटेवर घालून जंगलातून आणावे लागेल.

सरासरीसोबत तिच्याभोवतीचा पसारा सांगितला नाही, तर तो आकडा अर्धा राहतो. हे संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यातच शिकवले जाते आणि परीक्षा संपली की विसरले जाते. विस्तार, चतुर्थक, प्रचरण, प्रमाण विचलन ही नावे आपल्याकडे गुण मिळवण्याची सूत्रे होऊन बसली आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या मुलखात मात्र त्या सूत्रांवर माणसांचे बरेच काही अवलंबून असते. शिवाय पसारा किती दिसतो हे आपण हद्द कुठे आखतो यावर ठरते, आणि ही गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. या लेखात मला मुख्यत्वे तिच्याविषयीच बोलायचे आहे.

आधी साधे गणित. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचा. समजा एका गावातल्या पाच घरांनी एका दिवसात १००, ११०, १२०, १३० आणि १४० पुडे दिले, आणि शेजारच्या गावातल्या पाच घरांनी २०, ६०, १२०, १६० आणि २४०. सरासरी दोन्हीकडे १२०. मधले घर, म्हणजे मध्यक, तोही दोन्हीकडे १२०. पण पहिल्या गावात सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांतले अंतर ४० पुड्यांचे आहे, दुसऱ्या गावात २२० चे. हा झाला विस्तार. विस्तार काढायला सोपा असतो, पण तो फक्त दोन टोकांची घरे पाहतो. मधल्या तीन घरांत काय आहे याची त्याला दखल नाही, आणि एखाद्या घरी त्या दिवशी सगळे तापाने झोपून असले तर एवढ्यावरूनही तो ताणला जातो. म्हणून टोके सोडून मधल्या निम्म्यांचा पसारा मोजणारे चतुर्थक आले. प्रत्येक घर सरासरीपासून किती दूर आहे ते पाहून त्या अंतरांची सरासरी काढण्याची रीतही आली. ही सरासरी पहिल्या गावात १२ पुडे येते, दुसऱ्यात ६४. अंतरांचे वर्ग करून, त्यांची सरासरी घेऊन, तिचे वर्गमूळ काढले की प्रमाण विचलन मिळते. ते पहिल्या गावात सुमारे १४ आणि दुसऱ्यात सुमारे ७७.

वर्ग कशासाठी करायचे, हा प्रश्न चांगला विद्यार्थी हमखास विचारतो. उणे चिन्ह घालवण्यासाठी, असे उत्तर त्याला बहुधा मिळते. ते अपुरे आहे, कारण उणे चिन्ह सरळ सोडून देताही येते. आताच आपण तसे केले. खरे कारण पुढे येईल, कारण ते जिल्ह्याच्या हद्दीशी जोडलेले आहे.

महाराष्ट्राच्या राजकारणात पसारा मोजण्याचा एक मोठा प्रयत्न झाला आणि तो नेमका गडचिरोलीच्या जन्माच्या सुमारास. १९८३ साली राज्य सरकारने प्रादेशिक असमतोल तपासण्यासाठी अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९८४ मध्ये तिचा अहवाल आला आणि ‘अनुशेष’ हा शब्द विदर्भात घरोघरी पोचला. समितीची रीत सरळ होती. सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी हा मापदंड धरायचा. जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याची तूट मोजायची. ती तूट भरून काढायला किती पैसा लागेल तो त्याचा अनुशेष. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला, त्यातला सुमारे ३९ टक्के विदर्भाचा.

संख्याशास्त्राच्या नजरेने पाहिले तर अनुशेष हे पसाऱ्याचेच एक माप आहे. सरासरीच्या खाली गेलेली अंतरे तेवढी मोजली, वरची सोडून दिली. आपल्या दुसऱ्या गावात सरासरीखालच्या दोन घरांची तूट १०० आणि ६०, मिळून १६० पुडे. सरासरीवरच्या दोन घरांचे आधिक्य ४० आणि १२०, तेही १६०. हे दोन आकडे नेहमी सारखेच येतात, कारण सरासरीची व्याख्याच तशी आहे. म्हणजे अनुशेष वाढला याचा अर्थ कुणीतरी तेवढेच सरासरीच्या वर गेले आहे. मागासलेपणाचा आकडा आणि पुढारलेपणाचा आकडा हे एकाच अंतराचे दोन भाग आहेत, हे दांडेकरांच्या रीतीतून उघड दिसते. मला या रीतीचे मोठेपण इथे वाटते: तिने ‘विदर्भ मागे आहे’ या तक्रारीला एकक दिले, रुपयांत मोजता येईल असे केले, आणि वाद भावनेवरून हिशेबावर आणला. १९९४ साली घटनेच्या ३७१(२) कलमाखाली वैधानिक विकास मंडळे आली, त्यामागेही हीच मोजदाद होती.

पण या हिशेबाचा एकक जिल्हा होता. राज्याची सरासरी आणि जिल्ह्याची सरासरी यांतले अंतर मोजले, की जिल्ह्याच्या पोटात काय आहे ते आपोआप मोजणीबाहेर राहते.

चार गावांचे एक छोटे उदाहरण घेऊ. कुठल्याशा सुविधेचे गुण म्हणून त्यांचे आकडे ३०, ५०, ७० आणि ९० माना. सरासरी ६०. अंतरे उणे ३०, उणे १०, अधिक १०, अधिक ३०. वर्ग ९००, १००, १००, ९००. त्यांची सरासरी ५००. हे एकूण प्रचरण. आता या चार गावांचे दोन जिल्हे करू. पहिल्यात ३० आणि ५०, दुसऱ्यात ७० आणि ९०. जिल्ह्यांच्या सरासऱ्या ४० आणि ८०. त्या ६० पासून प्रत्येकी २० ने दूर, म्हणजे जिल्ह्या-जिल्ह्यांमधले प्रचरण ४००. प्रत्येक जिल्ह्याच्या आत गावे आपल्या सरासरीपासून १० ने दूर, म्हणजे आतले प्रचरण १००. चारशे आणि शंभर, बरोबर पाचशे. एकूण पसारा म्हणजे गटांमधला पसारा अधिक गटांच्या आतला पसारा, ही बेरीज दर वेळी जुळते, आणि ती फक्त वर्ग केल्यावर जुळते. अंतरे नुसती चिन्ह सोडून मोजली असती तर एकूण २०, गटांमधले २० आणि आतले १० असे आले असते आणि काहीच जमले नसते. रोनाल्ड फिशर यांनी १९१८ साली प्रचरणाची कल्पना नाव देऊन मांडली तीही याच गुणासाठी: वेगवेगळ्या कारणांनी येणारा पसारा वेगवेगळा काढून त्याचे वाटे पाहता यावेत म्हणून.

आता हीच चार गावे, हेच आकडे, फक्त हद्द निराळी आखू. एका जिल्ह्यात ३० आणि ९०, दुसऱ्यात ५० आणि ७०. दोन्ही जिल्ह्यांची सरासरी ६०. जिल्ह्या-जिल्ह्यांमधले प्रचरण शून्य. सगळे पाचशे आत गेले. दांडेकर समितीच्या रीतीने इथे अनुशेष शून्य निघेल, आणि ३० गुणांच्या गावात तर काहीच बदललेले नसेल.

१९८२ पूर्वीचा चंद्रपूर जिल्हा हा या दुसऱ्या प्रकारचा होता. कोळसा, कागद आणि सिमेंट यांच्या जोरावर पश्चिमेचे तालुके सरासरी वर उचलत, आणि पूर्व-दक्षिणेचा जंगलपट्टा त्या सरासरीखाली झाकला जाई. गडचिरोली वेगळा झाला तेव्हा एकाही गावात त्या दिवशी दिवा लागला नाही की विहीर खोदली गेली नाही. पण आत दडलेले अंतर बाहेर आले, जिल्ह्या-जिल्ह्यांमधले अंतर झाले आणि राज्याच्या तक्त्यात दिसू लागले. २०११ च्या साक्षरतेत ते असे दिसते: राज्य ८२.३ टक्के, चंद्रपूर ८०.०, गडचिरोली ७४.४. दोन्ही एकत्र असते तर ७८ च्या आसपास आकडा आला असता आणि राज्याच्या तुलनेत तो फारसा वाईट वाटला नसता.

जे बाहेर आले ते सगळे मात्र नव्हते. गडचिरोलीत बारा तालुके आहेत. उत्तरेला देसाईगंज, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला वडसा. तिथे रेल्वे आहे, बाजारपेठ आहे. दक्षिणेला भामरागड, पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जाते आणि तालुक्याचा जगाशी संबंध तुटतो. या दोहोंची मिळून होणारी सरासरी आज ‘गडचिरोली जिल्हा’ या नावाने छापली जाते. चंद्रपुरातही तसेच. औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यांखालचे शहर आणि माणिकगड पहाडावरच्या जिवती तालुक्यातले कोलाम आदिवासींचे गुडे (वस्त्या) एकाच आकड्यात बसवले आहेत. अहेरी वेगळा जिल्हा करा, चिमूर करा, ब्रह्मपुरी करा, या मागण्या कित्येक वर्षे चालू आहेत. त्यांत राजकारण आहे, मुख्यालय आपल्या गावी यावे ही हौसही आहे. तरी त्या मागणीच्या मुळाशी एक संख्याशास्त्रीय सत्य आहे असे मला वाटते: आमचे अंतर तुमच्या सरासरीत मोजले जात नाही, ते बाहेर काढा. प्रत्येक वेळी नवे कलेक्टर ऑफिस बांधूनच ते बाहेर काढावे लागते ही खंत आहे, कारण तक्त्यात दोन रकाने वाढवूनही त्यातले बरेचसे काम झाले असते.

मग जितके बारीक तुकडे करू तितके चांगले, असे वाटू लागते. तसे नाही, आणि ते समजून घ्यायला गडचिरोलीइतकी चांगली जागा नाही. इथली गावे लहान आहेत. समजा एखाद्या गावात वर्षाला २५ बाळे जन्मतात. त्यांतले एक दगावले की बालमृत्यूचा दर हजारी ४० झाला. एकही नाही तर शून्य. दोन गेली तर ८०. मधले आकडे शक्यच नाहीत. आता अशी शंभर गावे घ्या, सगळीकडे धोका अगदी सारखा, हजारी ४० चा, असे धरा. नुसत्या योगायोगाने त्या वर्षी सुमारे ३६ गावांत एकही मृत्यू होणार नाही, ३७-३८ गावांत एक होईल आणि २६ च्या आसपास गावांत दोन किंवा अधिक होतील. त्या ३६ गावांच्या आशा कार्यकर्तींना शाल-श्रीफळ आणि त्या २६ जणींना कारणे दाखवा नोटीस, असे घडले तर तो उघड अन्याय आहे. सगळ्यांचे काम सारखेच होते. दुसऱ्या वर्षी याद्या बदलतील आणि नोटीस दिल्यामुळे सुधारणा झाली असा निष्कर्षही निघेल.

मोजणी लहान असेल तर तिची सरासरी डळमळते. पंचवीस जन्मांच्या गावात वरच्या दराचे प्रमाण विचलन हजारी ३९ इतके, म्हणजे जवळजवळ दराएवढेच येते. अडीच हजार जन्मांचा गट घेतला तर ते चारच्या खाली येते. संख्या शंभर पटींनी वाढली की विचलन दहा पटींनी घटते. म्हणूनच डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत घरच्या घरी नवजात बाळाच्या सेवेचा प्रयोग केला तेव्हा एकेका गावाची परीक्षा घेतली नाही. ३९ गावे एका बाजूला, ४७ गावे तुलनेसाठी दुसऱ्या बाजूला, आणि काही वर्षे सलग नोंद. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले आणि नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आल्याचे जगाने वाचले. त्या आकड्यावर जगाचा विश्वास बसला याचे अर्धे श्रेय प्रशिक्षित आरोग्यदूतांचे आणि अर्धे गावे एकत्र करून योगायोगाला जागा कमी ठेवण्याचे. तेव्हा फार मोठा गट पसारा झाकतो आणि फार लहान गट खोटा पसारा दाखवतो. या दोहोंमध्ये जागा शोधणे हे संख्याशास्त्रज्ञाचे खरे काम आहे, आणि ते सूत्रात बसत नाही. त्यासाठी मुलूख माहीत असावा लागतो.

वाघांच्या आकड्यांत हीच गोष्ट निराळ्या रूपात येते. २००६ च्या गणनेनंतर भारतात १,४११ वाघ उरले आहेत हे वाक्य देशभर गाजले. अहवालात तो आकडा एकटा नव्हता. १,१६५ ते १,६५७ अशी मर्यादा त्याच्यासोबत होती. २०२२ च्या गणनेत मर्यादा ३,१६७ ते ३,९२५ होती. एप्रिल २०२३ मध्ये त्यातला खालचा आकडा जाहीर झाला आणि जुलैत ३,६८२ हा सरासरी अंदाज; दोन्ही एकाच गणनेचे. इथे एक फरक सांभाळायला हवा. ही मर्यादा आपल्याला नेमके किती माहीत आहे ते सांगते, वाघ कुठे किती दाट आहेत ते सांगत नाही. दुसऱ्या प्रकारचा पसारा पाहायला महाराष्ट्राचे ४४४ वाघ नकाशावर मांडावे लागतील. त्यांतला मोठा हिस्सा चंद्रपूर जिल्ह्यात, आणि त्यातलेही अनेक ताडोबाच्या बाहेर, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूलच्या गावांना लागून असलेल्या जंगलात. मोहफुले आणि तेंदूपाने वेचण्याच्या महिन्यांत पहाटे जंगलात गेलेल्या बाईचा धोका राज्याच्या दर लाख लोकसंख्येच्या हिशेबात नगण्य ठरतो. तो धोका काही तालुक्यांत, काही महिन्यांत, दिवसाच्या काही तासांत एकवटलेला आहे. हिवतापाचेही तेच. राज्यातल्या रुग्णांचा मोठा वाटा गडचिरोलीत आणि गडचिरोलीतला मोठा वाटा भामरागड, एटापल्ली, धानोरा अशा थोड्या तालुक्यांत. सरासरी धरून मच्छरदाण्या वाटल्या तर त्या चुकीच्या गावांत जातील.

पसाऱ्याचे सर्वांत गंभीर रूप मला अंगणवाडीत दिसते. प्रमाण विचलन ही कल्पना विद्यापीठात राहते असे ज्यांना वाटते त्यांनी भामरागडच्या कुठल्याही अंगणवाडीतला वजनाचा तक्ता पाहावा. त्यावरच्या रेषा ‘उणे दोन’ आणि ‘उणे तीन’ प्रमाण विचलनाच्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या, नीट पोसलेल्या मुलांच्या मोजमापांवरून २००६ साली त्या आखल्या. एक वर्षाच्या मुलीचे मध्यक वजन ८.९ किलो, उणे दोनची रेषा ७.० किलोवर, उणे तीनची ६.३ वर. मुलाचे मध्यक ९.६, उणे दोन ७.७, उणे तीन ६.९. ताई वजन करते, ‘पोषण ट्रॅकर’मध्ये भरते, आणि मूल हिरव्या, पिवळ्या किंवा लाल भागात पडते.

निरोगी मुलांतही वजनाचा पसारा असतोच, म्हणून नीट पोसलेल्या समाजातही उणे दोनच्या खाली शंभरात दोन-तीन मुले सापडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ३६.१ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाच्या रेषेखाली निघाली. शंभरात दोन-तीनच्या जागी छत्तीस. हे शेपटीला असलेल्या काही दुर्दैवी मुलांचे प्रकरण असू शकत नाही. पसाऱ्याचा आकार साधारण तोच धरला तर एवढी मुले रेषेखाली जायला मधले मूलच सुमारे दीड विचलन खाली असावे लागते. म्हणजे सगळा समूह, रेषेवरच्या मुलांसकट, खाली सरकला आहे. आपल्या योजना मात्र रेषेखालच्या मुलांची यादी करतात आणि यादी छोटी झाली की काम झाले असे समजतात. ७.१ किलोची वर्षाची मुलगी हिरव्या भागात आहे म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. कदाचित ती मुळातच लहान चणीची असेल. कदाचित चार महिन्यांपूर्वी ती मध्यकाच्या रेषेवर असेल आणि तेव्हापासून घसरत आली असेल. एका दिवसाच्या वजनावरून या दोघी वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्यासाठी त्याच मुलीची मागची वजने लागतात.

यावरून मराठी मुलखातल्याच दोन विद्वानांचा एक जुना वाद आठवावा लागतो. १९७१ साली दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दिवसाला सरासरी २,२५० उष्मांक मिळायला जेवढा खर्च लागतो तो धरून त्यांनी ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के लोक गरीब ठरवले. त्यावर पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी हरकत घेतली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ. १९५१ पासून सुमारे दोन दशके जागतिक अन्न व कृषी संघटनेत होते. त्यांचे म्हणणे असे की सरासरी गरज ही सरासरी आहे. माणसामाणसाची गरज वेगळी असते आणि एकाच माणसाचीही दिवसागणिक बदलते. तेव्हा सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी मानणे चूक आहे. सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करावीत आणि त्याखाली जाणाऱ्यांनाच अपपोषित म्हणावे. असे केल्यावर भुकेल्यांचा आकडा बराच खाली येतो. दांडेकरांना हे मान्य नव्हते. त्यांच्या दृष्टीने गरिबी हा माणसाच्या उत्पन्नाचा आणि राहणीचा प्रश्न होता. शरीर कमीत कमी किती अन्नावर तग धरते यावर ती मोजता कामा नये.

सुखात्म्यांचा मूळ मुद्दा मला निर्विवाद वाटतो: गरजेला पसारा आहे आणि सरासरी गरज ही कुणाच्याही कपाळावर लिहिलेली गरज नाही. पण दोन विचलने वजा करण्यात एक निवड दडलेली आहे. रेषा तिथे नेली की पोटभर जेवणाऱ्याला चुकून उपाशी म्हणण्याची शक्यता फार कमी होते, आणि उपाशी माणसाला चुकून पोटभर म्हणण्याची शक्यता वाढते. कोणती चूक आपल्याला अधिक सोसवते हे प्रमाण विचलन सांगत नाही. सरकारी तिजोरीला पहिली चूक महाग पडते, कोवळ्या मुलाला दुसरी. जंगलपट्टीतल्या मुलांच्या बाबतीत मी दांडेकरांच्या बाजूचा आहे. तिथे चुकून दिलेल्या जादा अंड्याने कुणाचे वाईट होत नाही.

पावसाच्या बाबतीतही सरासरीवर विसंबण्याची चूक दर वर्षी होते. हवामान खात्याच्या भाषेत जिल्ह्याचा पाऊस सरासरीच्या १९ टक्के खाली ते १९ टक्के वर असेल तर तो ‘सामान्य’. झाडीपट्टीतल्या धानाला हंगामाच्या बेरजेशी देणेघेणे नाही. पऱ्हे तयार असताना रोवणीला पाणी हवे, आणि लोंब्या भरताना पुन्हा हवे. जुलैत तीन दिवसांत महिन्याचा पाऊस पडला, पर्लकोटा पुलावरून वाहिली, आणि ऑगस्टमध्ये वीस दिवस कोरडे गेले, तरी सप्टेंबरअखेर तक्त्यात जिल्हा ‘सामान्य’ दिसू शकतो. दिवसांच्या पसाऱ्याचे ज्ञान या मुलखात जुने आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाचे हजारो मालगुजारी तलाव आणि शेतातल्या बोड्या त्यातूनच निर्माण झाल्या: जादा दिवसांचे पाणी कोरड्या दिवसांसाठी धरून ठेवायचे. सरासरी पावसावर भरवसा ठेवणाऱ्यांनी ते बांधले नसते. त्यांतले कितीतरी आज गाळाने भरले आहेत, आणि जिल्ह्याचा सरासरी पाऊस चांगला आहे हे कारण त्यांच्या दुरुस्तीची निकड कमी दाखवायला पुरते.

यापुढच्या काळात गडचिरोलीच्या सरासरीकडे विशेष लक्ष ठेवावे लागेल. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या पहाडावर २०२१ पासून लोहखनिजाचे मोठे उत्खनन चालू आहे. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलादाचा प्रकल्प उभा राहत आहे. दरडोई उत्पन्नात वर्षानुवर्षे राज्याच्या तळाशी राहिलेला हा जिल्हा आता वर चढेल, कारण जिल्ह्यात जे उत्पादन होते ते सगळे जिल्ह्याच्या खात्यावर धरून लोकसंख्येने भागले जाते. चंद्रपूरने हे आधीच अनुभवले आहे. वीज, कोळसा आणि सिमेंटच्या आकड्यांनी त्याची सरासरी वर नेली आणि जिवतीच्या पहाडावर त्यातले फार थोडे पोचले. दहा घरांपैकी नऊ घरांचे उत्पन्न वर्षाला ६० हजार आणि दहाव्याचे ६० हजारांवरून १० लाख ६० हजार झाले, तर सरासरी ६० हजारांवरून १ लाख ६० हजार होते. मध्यक जिथल्या तिथे, ६० हजारांवर. अशा जिल्ह्याला ‘आता तुमचा अनुशेष संपला’ असे सांगणे हिशेबाने बरोबर असेल.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचे ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’ प्रसिद्ध करते. त्यात तालुकानिहाय तक्ते असतात. प्रत्येक तालुक्याच्या आकड्याशेजारी त्या तालुक्यातल्या गावांचा मध्यक आणि खालचा चतुर्थक छापावा. लहान गावांचे जन्म-मृत्यूचे दर एका वर्षाचे न देता सलग पाच वर्षांचे एकत्र द्यावेत, म्हणजे योगायोगाला शिक्षा होणार नाही. उत्पन्नाच्या बाबतीत जिल्ह्याच्या दरडोई आकड्याखाली घरांचे मध्यक उत्पन्न द्यावे, निदान नमुना पाहणीवरून. २००९ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०१२ मध्ये गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला मिळाला, आणि तेव्हापासून ग्रामसभा हाच बांबू-तेंदूच्या हिशेबाचा एकक झाला आहे. बांबू किती तोडला, कुणाला किती मजुरी गेली, हे या गावांत सगळ्यांसमोर मांडले जाते. तिथल्या वहीत प्रत्येक घराची ओळ असते. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत गडचिरोलीचा एक आकडा वाचला जाईल तेव्हा सदस्यांनी त्या ओळींपैकी खालच्या पावभाग घरांचा आकडा मागावा, आणि तो मिळेपर्यंत सरासरीवर आधारलेला ठराव पुढे नेऊ नये.